येंगताईच्या मांडवातला रविवार

आईचा बुफेवर विश्वास नव्हता, पण एखादा रविवार चुकला तर तिला करमायचं नाही.

"एकशे एकोणसाठ बात घेऊन पोट फुटेस्तोवर डुक्कर कोण घालतं?" अंघोळ करून, ठेवणीतला निळा ब्लाउज घालून ती मला विचारायची. "एक तर डुक्कर आजारी, नाहीतर मालकीण वेडी."

"मग नको जाऊया."

"नको कुठे म्हणाले मी? गाडी काढ."

त्या रविवारीही हेच झालं. सकाळपासून तिने फक्त अर्धी पपई खाल्ली होती, कारण भरल्या पोटाने तिथे जाणं म्हणजे तिच्या मते मालकिणीला आहेर करणं. पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही लांपांग शहराच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेल्या येंगताईच्या पत्र्याच्या मांडवात पोचलो. पाचला उघडतं. त्याआधी पोचलं की कुणाचा हात न लागलेले ट्रे मिळतात, शिवाय ते कोण भरतं, कशातून भरतं, हेही बघता येतं. आई ते बघत उभी राहायची.

"आल्या गं बाई इन्स्पेक्टर!" येंगताई गल्ल्यावरून ओरडली.

"डुक्कर कधीचं आहे?"

"सकाळी ओरडत होतं, मावशी."

"तुझं तोंड बघून ओरडलं असेल."

येंगताई मनापासून हसली. आई हसली नाही. ती वाट्यांच्या चळतीकडे गेली.

एकतीस वर्षं आईने चिनी मातीच्या कारखान्यात एकच काम केलं होतं. भट्टीतून निघालेली वाटी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारायची, आणि ऐकायचं. चांगली वाटी गाते, तडकलेली खोकते, असं ती म्हणे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठल्याही वाटीतून ती टिचकी मारल्याशिवाय खात नसे. त्या दिवशी तिने दोन बाजूला काढल्या.

"या खोकतात."

"मावशी, त्यांना तुमची भीती वाटते, म्हणून खोकतात," येंगताई म्हणाली, पण वाट्या उचलून मागे घेऊन गेली.

आम्ही चौदा नंबरच्या टेबलावर बसलो. निखाऱ्यांची शेगडी आली, तिच्यावर टोपीसारखा फुगलेला तवा, माथ्यावर चरबीचा पांढरा तुकडा, कडेच्या खळग्यात रस्सा. चिमटा आला. आईने मला नेहमीप्रमाणे बजावलं, की भात नाही, शेवया नाहीत, आणि दारातले तळलेले बटाटे तर मुळीच नाहीत. "तो सापळा आहे. स्वस्तातलं पुढे मांडतात, माणूस तिथेच भरतो." ती डुकराची मान आणि माकूळ यांच्याच खेपा करायची, आणि प्रत्येक तुकडा ताटात घेण्याआधी वाकून त्याचा वास घ्यायची. मागचे लोक खोळंबायचे. मला लाज वाटायची. मी एकेचाळीस वर्षांची आहे, शाळेच्या ग्रंथालयात काम करते, आणि आईच्या मागे ताट धरून उभी असताना मला अजून तेरा वर्षांच्या मुलीसारखी लाज वाटायची.

साडेसहाच्या सुमाराला चिमटा टेबलावरून खाली पडला. त्याच्यावर मांजर येऊन बसलं. वाढणाऱ्या मुली मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, वाढदिवसाची मोठी पंगत बसली होती, माईकवर कुणीतरी बेसूर गात होतं. मी दुसरा चिमटा मागितला नाही. हातातल्या जेवायच्या काड्यांनीच कच्चे तुकडे उचलून तव्यावर घालत राहिले, त्याच काड्यांनी उलटवत राहिले आणि त्याच काड्यांनी आईच्या वाटीत वाढत राहिले. शेजारच्या टेबलावरही तेच चाललं होतं. आमच्याकडे सगळेच तसं करतात.

येंगताईकडे दोन तास बसू देतात, आणि जे उरेल त्याचं वजन करून दंड घेतात. भिंतीवर तसं लाल अक्षरांत लिहिलं आहे. सात वाजायला दहा मिनिटं होती, निखारे राखेखाली गेले होते, आणि ताटात आईनेच हावरेपणाने आणलेले आठ-दहा तुकडे पडून होते.

"तिचा काटा खोटा आहे," आई हळूच म्हणाली. "मागे माझी चार कोबीची पानं दोनशे ग्रॅम भरली होती."

"मग संपव ना."

मी उरलेले सगळे तुकडे एकदम तव्यावर लोटले, इकडून तिकडे फिरवले, आणि तिच्या वाटीत घातले. तिने एक उचलून ट्यूबलाइटकडे धरला.

"फिम, हे लाल आहे अजून."

"मसाल्याचं लाल आहे ते, आई. तुला सगळीकडे चोरच दिसतो. खा."

तिने खाल्लं.

माझ्याबरोबरचा तिचा शेवटचा धड दिवस तो. सोमवारीही ती बरी होती, पण सोमवारी मी तिच्याबरोबर नव्हते. ती तिच्या धाकट्या बहिणीकडे, बानयेनमावशीकडे गेली होती. मावशीने घराला नवीन छप्पर घातलं होतं, भंते येऊन पाणी शिंपडून गेले होते, आणि मग मावशीच्या नवऱ्याने, काकांनी, आपल्या हातचा लाप केला होता. काकांचा लाप आमच्या अख्ख्या आळीत प्रसिद्ध आहे. बारीक ठेचलेलं कच्चं डुक्कर, त्यात रक्त, पित्त आणि मसाला.

मंगळवारी संध्याकाळी आईचं डोकं दुखायला लागलं. अंग तापलेलं होतं, तरी ती भांडी विसळायला उठली. मी आतल्या खोलीत होते. तिची हाक आली.

"फिम, या सगळ्या कधी तडकल्या गं?"

मी बाहेर आले. तिने घरातल्या सगळ्या वाट्या फळीवरून काढून ओट्यावर मांडल्या होत्या. माझ्यासमोर तिने एकीला टिचकी मारली. वाटी स्वच्छ गायली. आईने मान हलवली आणि ती टाकायच्या ढिगात ठेवली. मग दुसरी. तीही गायली.

"बघ," ती म्हणाली. "एकीतही आवाज नाही."

इस्पितळात त्यांना रोगाचं नाव लगेच कळलं. आमच्या भागात त्याला कानबंदीचा ताप म्हणतात. तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "गेल्या तीन दिवसांत डुकराचं मांस कुठे खाल्लं?"

"येंगताईच्या दुकानात. रविवारी." मावशीचं छप्पर मला आठवलंच नाही. माझ्या तोंडून पहिलं हेच बाहेर पडलं.

"कच्चं? अर्धकच्चं?"

"नाही. तव्यावर भाजून."

"कच्च्याला वेगळा चिमटा होता?"

"होता," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. चिमटा होता. त्या रात्री बाकावर बसून मी फोनवर त्या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं. वाचणं हे माझं काम आहे, आणि मी काहीही शेवटपर्यंत वाचते. प्रत्येक ठिकाणी ते वाक्य होतं, शब्द फक्त मागेपुढे. कच्च्या मांसाला लावलेल्या काड्यांनीच जेवल्यामुळे. मी फोन पालथा ठेवला. सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा मी त्यांना पुन्हा काही सांगितलं नाही.

आईला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तिच्या उशाशी वही आणि पेन ठेवलं होतं. मी लिहायचे. पाणी? दुखतंय? पंखा कमी करू? ती मोठमोठ्याने उत्तरं द्यायची, अख्खा वॉर्ड वळून बघायचा. गुरुवारी दुपारी तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तोंड कसलं हलवतेस? मला ऐकू येत नाही. लिही."

मी पेन घेतलं. 'झोप आता' असं लिहिलं. शुक्रवारी पहाटे ती गेली.

मी आधी येंगताईवर संशय घेतला.

विहारात पाच दिवस संध्याकाळचं पठण होतं. पहिल्याच संध्याकाळी बायकांनी मला विचारलं, अशी अचानक कशी गं गेली? मी म्हणाले, "रविवारी आम्ही येंगताईकडे जेवलो होतो." एवढंच. पुढे एक शब्द बोलले नाही. पुढचं बायकांनी आपापलं जुळवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या गावाच्या फेसबुक पानावर मांडवाचा फोटो होता. दुकानाचं नाव लिहिलं नव्हतं, पण त्या भिंतीवरची लाल अक्षरं कोण ओळखणार नाही? तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याने तपासणी होईपर्यंत दुकान बंद ठेवायला सांगितलं.

येंगताई तरीही रोज आली. साडेपाचला तिची छोटी ट्रक विहाराच्या आवारात शिरायची. मागे तांदळाच्या पेजेचं भलंमोठं पातेलं असायचं, भंतेंनंतर आलेल्या लोकांना द्यायला. पेजेत मांस नव्हतं, नुसतं आलं, कांद्याची पात आणि अंडी. कुणी वाटी पुढे केली नाही. लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले. चौथ्या दिवशी तर एका म्हातारीने तिच्यासमोर नातवाला ओढून घेतलं, "तिथलं नको, पोट दुखतं."

येंगताईने ऐकलं. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती मागे जाऊन सगळ्यांचे ग्लास घासायला बसली.

मी तिला खिडकीतून बघत होते. एवढी चांगली का वागते ही? आम्ही हिचे कोण? दर रविवारी येणारं गिऱ्हाईक, त्यातही वाट्या परत करणारं, मांसाचा वास घेणारं. निर्दोष माणूस एवढे ग्लास घासत नाही, असं मी मनाशी म्हटलं. तिने फ्रीजमध्ये काय ठेवलं होतं? एकशे एकोणसाठमध्ये परवडतं कसं? आईचे सगळे प्रश्न मी आईच्याच आवाजात विचारत होते, आणि ते विचारताना मला थोडं बरं वाटत होतं.

मी मागे गेले.

"ताई, राहू दे. मुली घासतील."

"मुलींना सुटी दिली मी. दुकानच बंद आहे तर काय करतील?" तिने वर न बघता सांगितलं. मग म्हणाली, "तुझी आई मला आवडायची गं. दुसरी गिऱ्हाइकं फसवायला येतात, पर्समध्ये मांस भरून नेतात. तिला वाटायचं मीच तिला फसवते. बरं वाटायचं मला, कुणीतरी एवढं लक्ष देऊन बघतं म्हणून."

मी तिथून निघून आले. हे बोलणंही मला ठरवून केल्यासारखं वाटलं.

मग मावशी.

पहिल्या संध्याकाळी आईसाठी शवपेटीजवळ जेवणाचं ताट ठेवलं, चिकट भात, तळलेला मासा, तिला आवडायची ती कडू वांगी. रिवाजाप्रमाणे मुलीने पेटीवर बोट वाजवून जेवायला हाक मारायची. मी हलकेच वाजवलं. "आई, जेवून घे."

"जोरात मार," मावशी मागून म्हणाली. "तिला ऐकू येत नाही."

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मी जोरात वाजवलं, तीनदा. मागे वळले तेव्हा मावशी माझ्याकडेच बघत होती, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी तिला शिजवलेला दिला होता हं. लाप. वेगळा काढून. मी काही वेडी नाही."

मी तिला विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी मावशीचं बोलणं गोळा करायला लागले. दुसऱ्या दिवशी तिने चुलतबहिणीला सांगितलं, की ताईचा, म्हणजे आईचा, लाप मी तव्यावर परतला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, पातेल्यात उकळला. मी ट्रे मागायच्या निमित्ताने तिच्या घरी गेले. नवं छप्पर चकाकत होतं. काका ओसरीवर बसले होते, त्यांनी मला बघून नजर खाली घातली. मांस ठेचायचा लाकडी ओंडका एरवी विहिरीजवळ पडलेला असतो. तो नव्हता.

"ओंडका कुठे गेला, मावशी?"

"जाळला. कीड लागली होती."

"कधी?"

"तुला ट्रे हवेत ना? हे घे ट्रे. किती पाहिजेत? सहा?" तिने सहाच्या जागी नऊ ट्रे माझ्या हातात कोंबले. "आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. अगदी ताईसारखी बघतेस. ती पण लहानपणी माझी मूठ उघडून बघायची, की मी गोळी चोरली का."

"चोरली असायची?"

"कधी कधी," मावशी म्हणाली, आणि आत निघून गेली.

घरी येताना मला वाटलं, सापडलं. गाडीवर नऊ ट्रे बांधून मी नदीच्या पुलावरून येत होते आणि माझ्या मनात दुःख नव्हतं. काही तरी पकडल्याचा आनंद होता. त्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. मावशीला बोलतं करायचं, तिच्या तोंडून ते काढायचं, एवढंच मी ठरवलं. एकदा ते निघालं, की माझ्या काड्यांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. मीही नाही.

दहन झालं, अस्थी घरी आल्या, आणि दोन दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या वारुनीबाईंचा निरोप आला. कागद पुरा करायचा आहे, येंगताईच्या दुकानातच या, म्हणजे कुठे बसला होतात ते बघता येईल. सोमवारी आई तिच्याकडे होती हे कळल्यावरून त्यांनी मावशीलाही बोलावलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. मांडवात खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातल्या होत्या. ट्रेंची रांग रिकामी आणि कोरडी होती, दारातला तळलेल्या बटाट्यांचा डबाही. येंगताईने चौदा नंबरच्या खुर्च्या तेवढ्या खाली उतरवल्या होत्या. वारुनीबाई माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी चपला काढल्या, फाईल मांडीवर घेतली आणि पंखा आपल्याकडे वळवला.

"तुमच्या फ्रीजमधल्या मांसात काही सापडलं नाही," त्या येंगताईला म्हणाल्या. "पण ते त्या रविवारचं मांस नव्हतं. त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही."

"म्हणजे मी सुटले की अडकले?"

"म्हणजे मला अजून प्रश्न आहेत. टेबलाला चिमटा देता?"

"देते! प्रत्येक टेबलाला देते. भिंतीवर लिहिलंय, कच्च्याला चिमटा, खायला काड्या. हे बघा, एवढं मोठं लिहिलंय." येंगताईचा आवाज चढला. आठवडाभर तिने तो दाबून धरला होता. "आणखी काय करू मी, बाई? प्रत्येकाच्या मागे उभी राहून भरवू? माझ्या चार मुली घरी बसल्यात. काल एक जण गाडीवरून जाताना ओरडून गेला, ए बहिरी करणारे! मी सोळा वर्षं इथे—" ती एकदम माझ्याकडे वळली. "तू सांग ना गं. तू होतीस. चिमटा दिला होता की नाही?"

"दिला होता," मी म्हणाले.

"ऐकलंत? दिला होता."

वारुनीबाईंनी लिहिलं. "आणि तो वापरला?"

हा प्रश्न माझ्यासाठी होता. मी तोंड उघडलं, पण त्याआधी मावशी बोलली.

"तिला काय विचारता? मला विचारा."

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, पिशवी पोटाशी धरून. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी शिजवलेला दिला होता. खरंच दिला होता, वेगळ्या वाटीत. पण ताई म्हणाली, हा काय बेचव लाप, तुझ्या नवऱ्याच्या हातचा आहे तो कुठे लपवलास? मी म्हटलं, तुला साखर आहे, तू म्हातारी झालीस, नको. ती म्हणाली, स्वतः चांगलं खाता आणि मला इस्पितळातलं देता." मावशी हसल्यासारखी झाली आणि मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मग मी माझ्या ताटातला भाताचा गोळा त्यात बुडवून तिला भरवला. एक घास. माझ्या हाताने. एकच होता हो. तिने बोटं चाटली."

महामार्गावरून एक ट्रक गेला आणि पत्रे थरथरले.

"ओंडका त्यांनी जाळला," मावशी म्हणाली. "रडत रडत जाळला. त्यांनी कधी कुणाला आजारी पाडलं नव्हतं, बाई. चाळीस वर्षं."

वारुनीबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कच्च्या डुकराचा लाप म्हणजे मग बहुतेक तेच. नक्की कुणालाच सांगता येणार नाही, पण कागदावर कारण म्हणून तेच धरतात." मग येंगताईला म्हणाल्या, "तुमच्या दुकानाचं उद्या-परवा होईल मोकळं."

येंगताई खाली बसली. इतका वेळ ती उभी होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग उठली, पाण्याचा ग्लास भरून आणला, आणि तो स्वतः न पिता मावशीच्या पुढे ठेवला. "घ्या, मावशी. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

मावशीने ग्लास घेतला नाही. ती आता माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, मी ओरडेन. आईसारखी मूठ उघडून बघणारी मी, मला हवं ते मिळालं होतं. आठवडाभर मी जे काढायच्या मागे होते ते टेबलावर पडलं होतं, आणि त्याने सगळ्यांचं भागणार होतं. दुकान उघडणार होतं. बायका उद्यापासून मावशीच्या घरासमोरून जाताना नाक मुरडणार होत्या. काका कुणासाठी पुन्हा लाप करणार नव्हते. त्या नव्या छपराखाली ते दोघं उरलेली वर्षं त्या एका घासाकडे बघत बसणार होते. माझ्याकडे कुणी बघणार नव्हतं. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते मला दहा दिवसांत चांगलं जमायला लागलं होतं.

वारुनीबाईंनी पेनचं टोपण काढलं.

मी मावशीच्या वयाचा हिशेब करत होते, एकसष्ट की बासष्ट. ती आईपेक्षा सहा वर्षांनी लहान. लहानपणी आईने तिला कडेवर घेऊन शाळेच्या दाराशी नेलं होतं, अशी एक गोष्ट घरात सांगतात. मावशीच्या उजव्या हाताची बोटं पिशवीच्या बंदात गुंडाळलेली होती, ज्या बोटांनी तिने भाताचा गोळा बुडवला होता. ती बोटं ती कुठे ठेवू, कुठे लपवू, असं करत होती. मला ते ओळखीचं होतं. मी आठवडाभर माझे हात तसेच लपवत होते.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज फार मोठा निघाला, आई वॉर्डात बोलायची तसा. "लिहू नका अजून. मावशी, माझ्याकडे बघ."

ती बघतच होती.

"चिमटा खाली पडला होता. साडेसहाला. मांजर बसलं त्याच्यावर. मुली लांब होत्या आणि मला उठायचा कंटाळा आला, म्हणून मी दुसरा मागितला नाही. डॉक्टरांना सांगितलं की चिमटा होता. सगळ्यांना तेच सांगितलं. येंगताई, तुलाही आत्ता तेच सांगितलं." येंगताईचा हात ग्लासावरच राहिला. "काड्या माझ्या होत्या. मी त्यांनीच कच्चं उचलत होते आणि त्यांनीच आईला वाढत होते, शेवटपर्यंत, निखारे विझले तरी. तिने तुकडा उजेडात धरला होता. ती मला म्हणाली, फिम, हे लाल आहे. तिला बरोबर दिसलं होतं, मावशी. मी तिला म्हणाले, तुला सगळीकडे चोरच दिसतो. मी म्हणाले, खा."